जोडी लावणारे नाना

दुकानाची पायरी कोणी चढलं, की नाना आधी त्याच्या हातांकडे बघायचे. हात रिकामे असले तर विचारायचे, "काम कुठं हाय?"

माणूस गोंधळायचा. जुना कॉम्प्युटर घ्यायला आलेला माणूस बरोबर काम कशाला आणेल? मग नाना समजावायचे, आणि त्यांचं समजावणं म्हणजे निम्मं ओरडणंच. "आरं, चप्पल घ्यायला जाताना पाय घेऊन जातोस ना? मंग कॉम्प्युटर घ्यायला काम घेऊन ये. पेनड्राइव्हवर घाल आन उद्या ये." आणि खरोखरच परत पाठवायचे. समोरच्या मोबाइलवाल्याला हे बघवत नसे. तो म्हणायचा, नाना धंदा करत नाहीत, शाळा चालवतात.

वसंत ठोंबरे हे त्यांचं नाव. कर्जतच्या बाजारात पिठाच्या गिरणीशेजारी त्यांचं जुन्या कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्याआधी मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीत ते कॉम्प्युटर खोलीचे प्रमुख होते. प्रमुख म्हणजे आम्ही इनमिन तिघं, पण नाना स्वतःला 'डिपार्टमेंट' म्हणवून घेत. डबा हातात घेऊन उभे राहत आणि जाहीर करत, "डिपार्टमेंट जेवायला चाललंय." त्या तिघांतला मी एक. मेहनती होतो, पण बोलायला भित्रा. साहेबांपुढे माझी बाजू नानांनी किती वेळा मांडली, ते आता आठवलं की बरं वाटत नाही.

मिशीला ते कलप लावत, डोक्याला लावत नसत. त्यांच्या बायकोने, आमच्या काकींनी, एकदा छेडलं तेव्हा म्हणाले, "मिशी गिऱ्हाइकाला दिसती. डोकं फक्त पंख्याला." भर मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत गुंड्या लावलेला. खिशाला पेन नाही, स्क्रू ड्रायव्हर. आणि स्वतःच्या अंदाजाचा असा काही अभिमान, की समोरच्याला कधी राग यावा, कधी हसू.

निवृत्तीनंतर कंपनीने काढून टाकलेली मशीनं घेऊन त्यांनी दुकान मांडलं. काही वर्षांनी मी खोपोलीला तोच धंदा सुरू केला. नारळ फोडायला नानाच आले. नारळ फोडून पायरीवर उभे राहिले आणि जमलेल्यांना म्हणाले, "पोरगा माझ्या हाताखालचा हाय. ज्ञान माझं हाय. भाव तेवढा त्याचा हाय, तो तुमी बघून घ्या."

नानांची खरी ख्याती होती ती जोडी लावण्याची. गिऱ्हाइकासमोर ते एक मशीन कधीच ठेवत नसत. एका लांब टेबलावर दोन सारखे मॉनिटर, खाली दोन मशीनं, आणि दोन्ही मशीनांवर जुन्या चादरीच्या खोळी चढवलेल्या. आत काय आहे ते दिसू नये म्हणून. गिऱ्हाइकाने आणलेलं काम दोन्हींत घालायचं. मग त्याने थोडा वेळ या खुर्चीत, थोडा वेळ त्या खुर्चीत बसून रोजच्यासारखं काम करायचं. तोवर नाना बशीत चहा ओतून घेत आणि कोणाला बोलू देत नसत. शेवटी एकच प्रश्न: "कुठल्या खुर्चीतून उठू वाटलं नाय?" उत्तर आलं की खोळ ओढून काढायची. घरी नवीन सूनबाई आल्यासारखा तो सोहळा असे.

खोळ कशाला, असं मी विचारलं होतं. म्हणाले, "स्टिकर दिसला की माणूस डोळ्यानं काम करतो."

ते खरंही होतं. प्रोसेसर आय-थ्री की आय-फाइव्ह, एवढ्यावर लोकांचा हिशेब सोपा: पाच तिनापेक्षा मोठे, म्हणजे मशीन भारी. कुठल्या पिढीचा, किती जुना, हे कोण विचारतो? भिवपुरीकडचा एक तरुण मोबाइलवर आकडे काढून आला होता. इतके गिगाहर्ट्झ, तितके कोअर, असं वाचून दाखवायला लागला. नानांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "यष्टीचा नंबर मोठा आसला, म्हून ती मुरबाडला लवकर पोचती का?" पोरगा हसला आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने पेनड्राइव्ह घेऊन आला.

या खोळींची सुरुवात मात्र फजितीने झाली होती. बाजारातल्या शिंप्याने त्या शिवून दिल्या, खालची बाजू सोडून सगळीकडून बंद, गादीच्या खोळीसारख्या. पहिल्याच दिवशी नाना एका मशीनचं गुणगान करत होते, "ह्यो कवा दगा देनार नाय," आणि ते वाक्य संपायच्या आत मशीन तापून बंद पडलं. गिऱ्हाईक खो-खो हसत गेलं. त्यानंतर नानांनी कातरी घेऊन दोन्ही खोळींना मागच्या बाजूला, पंख्याच्या जागी, भोकं पाडली. कातरी बोथट आणि हात रागावलेला, त्यामुळे भोकं वेडीवाकडी, दोरे लोंबणारी झाली. पण हवा खेळायला लागली आणि काम भागलं.

एकदा खालापूरचा एक लग्नाचे फोटो काढणारा आला. नवीन मशीन हवं होतं, आधीचं हळू चालतं म्हणून. नाना म्हणाले, जुनं पण घेऊन ये, जोडी त्याचीच लावू. लावली. दोन्ही खुर्च्यांत बसून झाल्यावर नानांनी त्याचं जुनं मशीन उघडलं, आतली डिस्क बदलून नवी बसवली आणि पुन्हा बसवलं त्याला. मशीन पळायला लागलं. "जा घरी. प्रोसेसर धडधाकट हाय तुझा. बायको बदलू नको, चूल बदल."

त्या वेळी काकी डबा घेऊन आलेल्या. त्या म्हणाल्या, "आन आपली चूल कवा पेटनार, ते पन सांगा त्याला."

"आगं, उद्या तो चार माणसं पाठवंल."

"चार माणसं येत्यात, आन त्यांना बी तुमी घरी पाठवताव."

काकींचं खरं होतं. पण नानांचंही खोटं नव्हतं. कशेळ्यापासून खालापूरपर्यंत कोणी जुनं मशीन घ्यायचं म्हटलं की, 'नाना काय म्हणाले?' असं विचारलं जायचं. नानांनी कमावलं ते एवढंच, हा शब्द. आणि तो मी घालवला. हे आजवर मी नीट कोणाला सांगितलेलं नाही.

कशेळ्याला एक अभ्यासिका आहे. वाड्यापाड्यांवरची पोरं जीपने येऊन तिथे परीक्षांचा अभ्यास करतात. ती चालवणाऱ्या मंगलताई नानांकडे आल्या. त्यांना खोलीभर मशीनं हवी होती. नानांकडे तेव्हा दुसऱ्या पिढीचे, म्हणजे जुने, आय-फाइव्ह होते, एका बँकेने काढून टाकलेले. माझ्याकडे चौथ्या पिढीचे आय-थ्री पडून होते, त्याहून नवे, थोडे महाग, आणि कोणी हात लावत नव्हतं, कारण पाच तिनापेक्षा मोठे. नानांनी मंगलताईंना आपला माल सरळ विकला असता तर कोणी काही म्हटलं नसतं. पण त्यांनी मला फोन केला. "सुन्या, तुझा एक घेऊन ये. जोडी लावू. ताईंना दोन्ही बघू दे."

मी गेलो. मे महिना होता, पत्र्याखाली जीव उकडत होता. नाना रंगात आले होते. मंगलताईंना म्हणाले, "ताई, हे लावणीसारखं हाय. माझ्यात चार कोअर, म्हंजे चार म्हाताऱ्या बायका, सुन्याच्यात दोन तरण्या पोरी. एकच वाफा लावायचा आसंल, तर पोरी पुढं. सगळं शेत लावायचं आसंल, तर म्हाताऱ्या. तुमचं काम शेतभर हाय. माझाच जिंकनार."

"म्हाताऱ्या गप्पा किती मारतात ते नाय धरलं तुमी," काकी मागून म्हणाल्या.

सगळे हसले. नानांना ते टोचलं असावं. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आज हरलो, तर जोडी लावायची सोडली. ऐकून ठेवा सगळी."

वायरी जोडायला मी टेबलाखाली शिरलो. नानांच्या मशीनच्या मागे हात घातला तर भोक सापडेना. वाकून बघितलं. तिथे निळ्या दोऱ्याची बारीक, घट्ट, सुरेख शिवण होती. ती खोळ चहा सांडला म्हणून घरी धुवायला गेली होती. काकींना वाटलं असणार उंदराने कुरतडली, आणि त्यांनी मायेने भोक शिवून टाकलं. माझ्या मशीनवरच्या खोळीचं भोक तसंच होतं.

'नाना, ही मागून बंद आहे,' एवढंच म्हणायचं होतं. मी टेबलाखालून बाहेर आलो आणि हात पुसले.

माझा माल पडून होता, हे एक कारण. दुसरं सांगायला जड जातं. नानांना एकदा तरी हरवावं, असं मला किती दिवसांपासून वाटत होतं. माझ्या बाजूने बोलणाऱ्या माणसाचा असा राग येतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

सुरुवातीला नानांचं मशीन पुढेच होतं. मंगलताईंनी एकीकडे शिकवणीचा व्हिडिओ लावला, सराव परीक्षा उघडली, गुणांचा मोठा तक्ता उघडला. आय-फाइव्हने सगळं पेललं. नाना मिशीवरून हात फिरवत होते. मग हळूहळू व्हिडिओ अडखळायला लागला. आतला पंखा घुमायला लागला. तक्ता खाली सरकवला तर उशिरा सरके. आत तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करत होता. मला समजत होतं. नानांनाही एरवी आवाजावरून समजलं असतं. पण एवढी छाती ठोकल्यावर त्यांचं सगळं लक्ष ताईंच्या चेहऱ्याकडेच लागलं होतं.

"मला इकडं बरं वाटलं," मंगलताई माझ्या मशीनपुढच्या खुर्चीतून अवघडून म्हणाल्या.

नानांनी खोळ ओढली आणि न बघता कोपऱ्यात भिरकावली. कॅबिनेटवर हात ठेवला, चटका बसल्यासारखा काढला. "म्हातारा झाला," म्हणाले. थोड्या वेळाने, "मशीन नाय. मी. ताई, सुन्याचा माल घ्या."

आवरताना वायरींबरोबर ती खोळ माझ्या पिशवीत गेली. चुकून गेली, असं मी स्वतःला पुढे खूप दिवस सांगत होतो.

ताईंनी माझी मशीनं घेतली, आणि नानांनी शब्द पाळला. त्या लांब टेबलावर चार्जरची पोती आली. नाना झेरॉक्स काढून देत, फॉर्म भरून देत. मशीनचं कोणी विचारलं तर म्हणत, "खोपोलीला जा. सुन्या सांगंल." माणसं यायची आणि पायरीवरूनच सांगायची, "नानांनी पाठवलंय." माझं दुकान त्या वाक्यावर वाढलं. दर वेळी ते ऐकून मी माल दाखवायला उठायचो. सांगितलं तर काकींना वाईट वाटेल, आपल्या शिवणीपायी नवरा हरला म्हणून, असं कारण मी शोधून ठेवलं होतं. चांगलं कारण होतं. खूप टिकलं.

मग एका लग्नात काकी भेटल्या. जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "अरं, तुझा नाना घरात पन गप झालाय. परवा आमटीत मीठ बघायला सांगितलं, तर म्हन्तो, मला नको इचारू, माझा अंदाज नाय ऱ्हायला."

घरी येऊन मी ती खोळ शोधून काढली.

रविवारी मी खोळ घेऊन कर्जतला गेलो. काकीही दुकानात होत्या. मी ती चार्जरच्या पोत्यावर ठेवली.

"आगं बया, ही कुठं व्हती?" काकींनी उचलून उलटी केली. "ही बघा, उंदरानं खाल्ली व्हती, मी शिवलेली."

नानांनी चष्मा लावला. निळ्या शिवणीवरून अंगठा फिरवला. एकदा. मग परत. मला काही सांगावं लागलंच नाही.

"म्हंजे हवाच बंद व्हती," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "आगं, माझा हरला नव्हता! गुदमरला व्हता!"

"मला काय म्हाईत तुमी कापलंय?" काकी उसळल्या. "माणसानं कापल्यालं आसं आसतंय? उंदीर बरा कापतो!"

नाना हसत सुटले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. हसता हसता त्यांना दुसरा भाग लक्षात आला. चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुला कवा कळलं रं?"

"त्याच दिवशी. टेबलाखाली."

"चालू करायच्या आदी?"

"आधी."

काकी खोळीची घडी घालू लागल्या, मोडू लागल्या, पुन्हा घालू लागल्या. शेजारच्या गिरणीचा पट्टा फिरत होता. मला वाटलं आता शिवी येईल, आणि आली असती तर बरं झालं असतं.

"उद्या तुझं मशीन घेऊन ये," ते म्हणाले. "ताईंना मी बोलवतो."

दुसऱ्या दिवशी टेबलावरची पोती खाली गेली. तेच काम, तशीच दोन मशीनं. या वेळी काही झाकलं नव्हतं. व्हिडिओ, परीक्षा, तक्ता असं सगळं एकदम चालवलं, तेव्हा आय-फाइव्ह शेवटपर्यंत अडखळला नाही आणि माझा थोडा मागे पडला. एकेक काम घेतलं, तेव्हा माझा चटकन उघडत होता. नानांचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं होतं. मला वाटलं, आता ते पायरीवर जाऊन बाजाराला सांगतील.

पण ते थांबले. "ताई, कशेळ्याला लाईट कितीदा जाते?"

"विचारू नका नाना. मशीनं इन्व्हर्टरवरच असतात."

नानांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. दोन्ही मशीनं आळीपाळीने दुकानातल्या लहानशा इन्व्हर्टरवर चालवून बघितली. इन्व्हर्टर भरेपर्यंत मधे सगळे थांबलो. त्यांचा आय-फाइव्ह वीज जास्त खात होता, बॅटरी लवकर संपली. माझा बराच जास्त वेळ चालला. नाना त्या विझलेल्या पडद्यापासून ताईंकडे वळले.

"ताई," ते म्हणाले, "तुमच्यासाठी ह्याचाच बरोबर व्हता. माझा ताकदीला जास्त. पन तुमच्या पोरांना ताकद नको, टिकायला पायजे. हे मी तवा इचारायला पायजे व्हतं. बडबडीत ऱ्हायलं."

मंगलताईंना काय चाललंय ते पूर्ण समजलं नसावं. त्या जीप गाठायला निघाल्या. मी मशीन उचललं आणि सुटल्यासारखा पायरी उतरायला लागलो. नाना मागे आले. आवाज चढला नव्हता. एवढा हळू आवाज मी त्यांचा कंपनीतही ऐकला नव्हता.

"सुन्या, तुझा माल बरोबर व्हता. पन ते तुला तवा म्हाईत नव्हतं."

मी मान डोलावली.

त्यानंतर नानांनी माझ्याकडे एकही गिऱ्हाईक पाठवलं नाही. बोलणं मात्र तोडलं नाही. दिवाळीला गेलो तर काकी फराळाचं ताट पुढे ठेवत, नाना धंद्याची चौकशी करत. 'माझ्या हाताखालचा' हे शब्द तेवढे गेले. कोणाशी ओळख करून देताना म्हणायचे, "हा सुनील. खोपोलीला दुकान हाय याचं." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लागलं. नंतर त्यात एक नेमकेपणा वाटायला लागला, त्यांच्या सगळ्याच बोलण्यात असायचा तसा.

नाना जाऊन आता वर्ष होत आलं. झोपेत गेले, कोणाला उठवलं नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या थोडं आधी. कर्जतच्या बाजारात माल पोचवायला टेम्पो घेऊन गेलो होतो. गिरणीपुढे गर्दी होती म्हणून पलीकडे गाडी थांबवली. नानांच्या दुकानात टेबलाशी एक नवरा-बायको बसले होते, दोन खुर्च्यांत दोघं, आणि दोघांचं कडाकडा भांडण चाललं होतं, कुठलं मशीन चांगलं यावरून. बायको नवऱ्याच्या पडद्याकडे बोट दाखवत होती, नवरा तिच्या. नाना मधे उभे होते, हातात बशी, मिशी काळीभोर. त्यांनी दोघांना गप्प केलं. बशीतला चहा प्यायले. मान वर केली तेव्हा त्यांना रस्त्यापलीकडे मी दिसलो.

मी खाली उतरायला दार उघडलं. नानांनी मोकळा हात वर केला, तळवा माझ्याकडे. थांब, जोडी चालू आहे.

मी दार धरून तसाच उभा राहिलो. मागचा टेम्पोवाला हॉर्न देत होता. नाना पुन्हा त्या दोघांकडे वळले होते.